रजोनिवृत्ति आणि वैद्यकशास्त्र

रजोनिवृत्ति ही स्त्रीजातीइतकीच जुनी. तिच्याविषयींची समजूत मात्र काळानुसार पालटत आली. सुश्रुतसंहितेंत आर्तवाचा काल १२ व्या वर्षापासून ५० व्या वर्षापर्यंत सांगितला असून, वार्धक्यानें शरीर पक्व झालें म्हणजे तें क्षीण होतें, असें म्हटलें आहे. ग्रीक तत्त्ववेत्ता ॲरिस्टॉटल यानेंही ४० ते ५० हीच मर्यादा नोंदली. दोघांच्याही लेखीं ती वयाची एक अवस्था होती.

१८२१ सालीं फ्रेंच वैद्य गार्दान यांनीं ‘महिना’ व ‘थांबणें’ या अर्थांच्या ग्रीक शब्दांवरून साधलेला ‘मेनोपॉज’ हा शब्द आपल्या ग्रंथाच्या नांवांत योजिला. पुढें १९२९ सालीं अमेरिकेंत डॉइझी व जर्मनींत बुटेनांट यांनीं एस्ट्रोन हा अंतःस्राव शुद्ध रूपांत वेगळा काढला, आणि कारणाचा धागा हातीं लागला. बीजकोशांतील साठा सरत आला, कीं एस्ट्रोजेन घटतें. मेंदूंतील उष्णतेचा तोल ढळून अंगाची एकाएकीं लाही होते, रात्रीं घाम सुटतो, झोंप मोडते आणि हाडेंही हळूहळू ठिसूळ होतात.

१९४२ सालीं गाभण घोडींच्या मूत्रांतून काढलेलें ‘प्रेमरिन’ अमेरिकेंत विक्रीस आलें. १९६६ सालीं डॉ. रॉबर्ट विल्सन यांनीं ‘फेमिनिन फॉरेव्हर’ या पुस्तकांत रजोनिवृत्तीला उणिवेचा रोगच ठरविलें, आणि गोळ्यांचा खप वाढला. १९७५ सालीं मात्र नुसत्या एस्ट्रोजेननें गर्भाशयाच्या अस्तराच्या कर्करोगाचा संभव वाढतो, असें दिसून आलें. तेव्हांपासून गर्भाशय असलेल्या स्त्रीस जोडीला प्रोजेस्टोजेन देण्याची रीत पडली. २००२ सालीं १६,६०८ अमेरिकन स्त्रियांवरील प्रयोग मुदतीपूर्वींच थांबविण्यांत आला. स्तनाच्या कर्करोगाचे रुग्ण दर १०,००० स्त्रियांमागें वर्षाला ८ नीं अधिक आढळले होते. घबराट उडून असंख्य स्त्रियांनीं उपचार टाकला. परंतु त्या प्रयोगांतील स्त्रियांचें सरासरी वय ६३ होतें. साठीच्या आंतील निरोगी स्त्रीस तीव्र त्रास असल्यास लाभ बहुधा धोक्याहून अधिक, हें पुढील छाननींत दिसलें.

‘सुटली एकदांची’ एवढें बोलून हा विषय मिटविणें अनेक घरांत चालतें. तें हिताचें नाहीं. सलग १२ महिने पाळी न आल्यास रजोनिवृत्ति झाली असें मानतात. त्यानंतर थेंबभर रक्त दिसलें, तरी तपासणी केलीच पाहिजे. नियमित व्यायाम आणि दूध, नाचणी यांसारखें चुनायुक्त अन्न हाडांस आधार देतें. स्तनाचा कर्करोग होऊन गेलेल्या स्त्रीस अंतःस्रावाच्या गोळ्या सहसा देत नाहींत, तिच्यासाठीं अन्य औषधें आहेत. निसर्गक्रम म्हणून मुकाट्यानें सोसणें आणि रोग म्हणून भिणें, या दोन्ही टोकांनीं स्त्रियांचें नुकसानच केलें. अवस्था स्वाभाविक असली, तरी तिच्यांतील यातना सोसण्याची सक्ती निसर्गानें कोणावर केलेली नाहीं.