कोलाहलातील एकांत

एकांताचा विषय निघाला की आम्हां मराठी माणसांस प्रथम आठवतो तो देहूजवळचा भंडारा डोंगर. संसारात पोळलेले तुकोबा चिंतनासाठी तेथे जाऊन बसत. दिल्लीत आम्हांस असा डोंगर नाही. कचेरीची धावपळ, शेजारच्या जागरणाचा ध्वनिक्षेपक आणि, खरे सांगावयाचे तर, आमच्याच गणेशोत्सवाची गडबड! आरतीस उभे राहिलो तरी चित्त प्रसादाच्या पातेल्यांत आणि वर्गणीच्या पावत्यांत गुंतलेले. अशा भक्तीत मन निवांत व्हावे कसे, हा प्रश्न आम्हांस या सुवर्णमहोत्सवी वर्षीही पडतोच. त्याचा उलगडा आमच्या आधी सुमारे सातशे वर्षे उत्तरेत आलेल्या एका मराठी संताच्या चरित्रात सापडतो.

नामदेवांचे (१२७०–१३५०) आयुष्य टाळमृदंगाच्या गजरात गेले. तरीही संतमेळ्यातील त्यांची फजिती सर्वश्रुत आहे. मुक्ताबाईंच्या सूचनेवरून गोरोबाकाका थापटण्याने एकेकाचे मस्तक थोपटू लागले. इतर स्तब्ध राहिले, नामदेव मात्र रागावले. आणि मडके कच्चे ठरले. ज्यांच्या मुखी अखंड नाम, त्यांच्याच ठायी स्थैर्य नाही, असा हा निवाडा होता. आमच्या मते नामदेवचरित्रातील खरे वळण हेच. पुढे औंढा नागनाथ येथे त्यांना विसोबा खेचर गुरू लाभले. पिंडीवर पाय ठेवून निजलेल्या विसोबांचे पाय उचलून जेथे ठेवावेत तेथे पिंडीच उभी राहिली, अशी आख्यायिका आहे.

१२९६ साली ज्ञानदेवांनी आळंदीस समाधी घेतली. त्यानंतर नामदेव उत्तरेकडे गेले आणि पंजाबात गुरुदासपूर जिल्ह्यातील घुमान येथे दीर्घकाळ राहिले. २०१५ साली अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलन भरले ते याच गावी. गुरुग्रंथसाहिबात नामदेवांची ६१ पदे आहेत. त्यांतील रामकली रागातले एक पद आम्हांस विशेष जवळचे वाटते. मुलगा कागदाचा पतंग उडवितो, सवंगड्यांशी गप्पाही मारतो, परंतु ध्यान दोरीवर. (पंधरा ऑगस्टला दिल्लीच्या गच्च्यांवर हे दृश्य आजही दिसते.) पाणी आणणाऱ्या मुली हसतात, टाळ्या देतात, ध्यान घागरीवर. गाय कोसावर चरते, ध्यान वासरावर. पाळण्यात मूल निजवून आई आतबाहेर कामे उरकते, ध्यान मुलावर. या पदात कोणीही मौन धरलेले नाही, कोणी काम टाकून वनात गेलेले नाही. त्याच ग्रंथात कबीरांच्या श्लोकांत त्रिलोचन नामदेवांना विचारतात की, कापड छापण्यात गुंतलात, रामाचे काय? हातपाय कामात असू द्यावेत, चित्त निरंजनापाशी असावे, असे नामदेव उत्तरतात.

नामदेवांचे देहावसान घुमानलाच झाले, अशी पंजाबातील भाविकांची श्रद्धा आहे. महाराष्ट्राची परंपरा त्यांची समाधी पंढरपुरी विठ्ठलमंदिराच्या महाद्वारातील पायरीशी मानते. तो वाद विद्वानांनी मिटवावा. आम्हांस मोह पडतो तो त्या जागेचा. ज्ञानदेवांची समाधी विवरातली, निःशब्द. नामदेवांनी संतांची चरणधूळ लाभावी म्हणून मागितली ती देवळाच्या दारातली, भर वर्दळीची. आषाढीला तेथे विठ्ठलनामाच्या गजरात कानी पडलेले ऐकू येत नाही, आणि भाविक त्या पायरीवर पाय न देता, माथा टेकून आत सरकत असतात.