दप्तरातील कागद आणि घरातील वारस

आपल्या ज्ञातीतील जुन्या घराण्यांतून सनदा, वाटणीपत्रे आणि खाजगी पत्रे रुमालात बांधून जपून ठेवण्याची चाल आहे. कागद जपणे निराळे आणि घरातील माणसे बदलली म्हणजे तो पुन्हा लिहिणे निराळे. मृत्युपत्राचा विषय निघाला की अजूनही वडीलधाऱ्यांच्या कपाळी आठी पडते. जणू लिहिले म्हणजे मरण जवळ आले. सातारा व सांगली या आपल्या मुलखाचा इतिहास ज्यांनी वाचला आहे त्यांना हा संकोच किती महाग पडतो हे सांगावयास नको.

छत्रपती शाहू महाराजांना पुत्र नव्हता. गादीस वारस कोण, हा प्रश्न पुष्कळ काळ चर्चेत राहिला, आणि १७४९ च्या अखेरीस, प्रकृती ढासळल्यावर, महाराजांनी राज्यकारभार नानासाहेब पेशव्यांच्या हाती सोपविणाऱ्या दोन याद्या स्वहस्ताक्षरात लिहून दिल्या. १५ डिसेंबर १७४९ रोजी महाराज साताऱ्यास वारले. ताराबाईंनी आपला नातू म्हणून पुढे आणलेला रामराजा गादीवर बसला. परंतु वर्षही पुरे लोटले नाही तोच ताराबाईंनीच त्याला किल्ल्यावर कैदेत ठेविले आणि पुढे तो आपला खरा नातू नव्हेच असे जाहीर केले. कारभार कोणी करावा हे कागदाने ठरविले होते. वारसाच्या ओळखीचा भरवसा मात्र एका व्यक्तीच्या शब्दावर राहिला होता. तो शब्द फिरला, आणि राज्याची सत्ता साताऱ्याहून पुण्यास कायमची गेली.

मिरजेच्या पटवर्धनांचा मामला आपल्या घरांतील तंट्यांशी अधिक जुळणारा आहे. चिंतामणराव अप्पासाहेब अज्ञान असताना चुलते गंगाधरराव कारभार पाहत. पुतण्या सज्ञान झाला आणि चुलत्या-पुतण्यांत वितुष्ट आले. अखेर मिरज चुलत्याकडे राहिली आणि १८०१ च्या सुमारास चिंतामणरावांनी सांगलीस आपले ठाणे केले. आजची सांगली एका वाटणीच्या भांडणातून वाढली असे म्हटल्यास फारशी अतिशयोक्ती होणार नाही. मिरजेचे पुढे १८२० साली आणखी चार वाटे झाले. त्यांपैकी दोन पुरुषवारस नसल्यामुळे १८४२ व १८४५ साली कंपनी सरकारने खालसा केले.

या दोन घटना साताऱ्याच्या डोळ्यांसमोर घडल्या होत्या. तरीही ५ एप्रिल १८४८ रोजी शहाजी उर्फ अप्पासाहेब महाराज वारले तेव्हा व्यंकोजीचे दत्तविधान झाले ते अखेरच्या काही तासांत. २५ सप्टेंबर १८१९ च्या तहात राजा, त्याचे वारस व उत्तराधिकारी असे शब्द होते. मुंबईचे गव्हर्नर सर जॉर्ज क्लार्क यांचे मतही दत्तकाच्या बाजूने पडले. डलहौसीने मात्र एक भेद काढला: दत्तकपुत्र खाजगी मालमत्तेचा वारस होईल, परंतु सार्वभौम सरकारच्या संमतीवाचून राज्याचा होणार नाही. राज्य खालसा झाले. थोरले बंधू प्रतापसिंह महाराज यांनीही काशीस दत्तक घेतला होता. त्या घराण्याची बाजू मांडण्यासाठी रंगो बापूजी गुप्ते १८४० ते १८५३ लंडनमध्ये खटपट करीत राहिले आणि रिकाम्या हातांनी परतले. डलहौसीच्या मनात राज्य घ्यावयाचेच होते, तेव्हा वेळेवर घेतलेला दत्तक तरी टिकला असता की नाही, याबद्दल आम्हांस शंका आहे. पण घाईचा दत्तक त्याला सोयीचा झाला, एवढे खरे.

१८५७ च्या उठावानंतर वारा फिरला. १८६२ मध्ये लॉर्ड कॅनिंगने संस्थानिकांना दत्तकाच्या सनदा दिल्या. त्यामुळे १९०१ साली सांगलीचे धुंडिराव तात्यासाहेब निपुत्रिक वारले तरी संस्थान बुडाले नाही; १९०३ साली दुसरे चिंतामणराव गादीवर आले आणि १९४८ च्या विलीनीकरणापर्यंत राहिले.

राजघराण्यांची गोष्ट येथे संपते. सामान्य गृहस्थाची याहून साधी, पण फसवी आहे. सातारा-सांगलीकडे हिंदू माणसाने तोंडी केलेले मृत्युपत्रही पूर्वी चालत असे. १ जानेवारी १९२७ पासून लेख, सही व दोन साक्षीदार आवश्यक झाले. पुष्कळांचा समज असा की लग्न झाले म्हणजे आधीचे मृत्युपत्र आपोआप रद्द होते. ख्रिस्ती किंवा पारशी गृहस्थाचे होते, हिंदूचे होत नाही. मुलगा जन्मला किंवा दत्तक घेतला म्हणूनही ते पुसले जात नाही. ब्रह्मचारी असताना भावाच्या नावे स्वकष्टार्जित घर लिहून ठेवणाऱ्याने पुढे संसार थाटला आणि कागद तसाच राहिला, तर त्याच्या पश्चात वहिनी आणि दीर कोर्टाच्या ओट्यावर समोरासमोर उभे राहतात. बँकेत नाव घातलेला 'नॉमिनी' म्हणजे मालक, हाही तसाच भ्रम. तो वारसांसाठी रक्कम स्वीकारणारा विश्वस्त होय; विम्याच्या बाबतीतही सर्वोच्च न्यायालयाने १९८३ साली तसेच सांगितले होते, आणि २०१५ पर्यंत विम्याच्या सर्वच नॉमिनींना तो नियम लागू होता.

वडिलार्जित शेतीचे मुलांत वाटे लावणारी जुनी मृत्युपत्रे तर पुन्हा उघडलीच पाहिजेत. महाराष्ट्राने २२ जून १९९४ पासून तोवर अविवाहित असलेल्या मुलींना आणि देशाने ९ सप्टेंबर २००५ पासून सर्वच मुलींना, विवाहित असोत वा नसोत, जन्मतः सहदायाद मानले. बापाला मृत्युपत्राने देता येतो तो केवळ स्वतःचा हिस्सा. लेकीचा हिस्सा त्याने कागदावर कोणाच्याही नावे लिहिला तरी तो त्याचा नव्हेच. गावांचे पत्तेही बदलले आहेत. १९४९ साली झालेला दक्षिण सातारा जिल्हा १९६० पासून सांगली म्हणून ओळखला जातो, आणि मिरज संस्थानच्या हद्दीतले म्हणून लिहिलेले शेत आज कोणत्या गटक्रमांकात आहे हे नातवाला शोधावे लागते.

मृत्युपत्राची नोंदणी सक्तीची नाही, आणि तीस मुदतही नाही. ते मोहोरबंद लिफाफ्यात घालून जिल्हा निबंधकाकडे ठेवता येते. ठेवणाऱ्याच्या हयातीत ते परत मागून घेऊन, नवे लिहून, पुन्हा ठेवता येते.