पीटर कुशिंग कोण होते? भयपटांमधल्या या 'जंटलमन'चे चाहते आजही त्यांचे सिनेमे पुन्हा पुन्हा का बघतात?

२०१६ साली 'रोग वन' हा स्टार वॉर्स मालिकेतला सिनेमा आला. त्यात ग्रँड मॉफ टार्किन हा खलनायक पडद्यावर दिसला आणि अनेक प्रेक्षक चक्रावले. कारण ही भूमिका पहिल्यांदा करणारे अभिनेते पीटर कुशिंग यांचं निधन १९९४ सालीच झालं होतं.

सेटवर प्रत्यक्षात गाय हेन्री या अभिनेत्याने काम केलं होतं. त्याच्या चेहऱ्यावर कम्प्युटरच्या मदतीने कुशिंग यांचा चेहरा बसवण्यात आला होता. मेलेल्या कलाकाराला असं पुन्हा पडद्यावर आणणं योग्य आहे का, यावर जगभर वाद झाला. प्रकरण लंडनच्या न्यायालयातही गेलं.

या वादामुळे नव्या पिढीतल्या अनेकांनी कुशिंग यांचं नाव पहिल्यांदा ऐकलं. जुन्या चाहत्यांचं म्हणणं मात्र वेगळंच होतं. चेहरा हुबेहूब जमला असेलही, पण कुशिंग यांचा अभिनय फक्त चेहऱ्यात होता कुठे?

मग तो नेमका कशात होता? ते समजून घेण्यासाठी थोडं मागे जावं लागेल.

सरकारी नोकरी सोडून नाटकात

कुशिंग यांचा जन्म २६ मे १९१३ रोजी इंग्लंडमधल्या सरे परगण्यातल्या केन्ली इथे झाला. तरुणपणी ते स्थानिक नगर परिषदेत सर्वेअरचे मदतनीस होते. जमीन मोजण्यापेक्षा त्यांचं लक्ष नाटकात जास्त. शेवटी १९३०च्या दशकाच्या मध्यात त्यांनी नोकरी सोडली आणि वर्दिंगच्या नाटक कंपनीत काम सुरू केलं.

१९३९ साली ते हॉलिवूडला गेले. तिथे पहिलं काम मिळालं 'द मॅन इन द आयर्न मास्क' या सिनेमात. नायक लुई हेवर्ड जुळ्या भावांच्या दुहेरी भूमिकेत होता. त्याला समोर कुणाशी तरी बोलता यावं म्हणून कुशिंग यांना उभं करण्यात आलं. नंतर तंत्राच्या मदतीने त्यांच्या जागी पुन्हा हेवर्डच दाखवला गेला. त्यांच्या वाट्याला एक छोटी भूमिकाही आली.

म्हणजे पहिल्याच सिनेमात कुशिंग यांनी अभिनय केला आणि पडद्यावर दिसला दुसऱ्याचा चेहरा. ७७ वर्षांनी 'रोग वन'मध्ये बरोबर उलटं घडलं!

या सिनेमाचे दिग्दर्शक होते जेम्स व्हेल. १९३१चा गाजलेला 'फ्रँकेन्स्टाइन' त्यांचाच. पुढे याच फ्रँकेन्स्टाइनने कुशिंग यांना ओळख मिळवून दिली.

हेलनचा सल्ला आणि टीव्हीचा स्टार

१९४२ साली, युद्ध सुरू असतानाच कुशिंग इंग्लंडला परतले. तिथे त्यांची भेट हेलन बेक या अभिनेत्रीशी झाली आणि १९४३ साली दोघांनी लग्न केलं. पुढची काही वर्षं ओढाताणीची होती. काम नसायचं तेव्हा कुशिंग स्कार्फ रंगवून विकायचे. १९४८ साली लॉरेन्स ऑलिव्हिए यांच्या 'हॅम्लेट' सिनेमात त्यांना ऑस्रिकची भूमिका मिळाली, पण त्यानंतरही स्थैर्य नव्हतं.

टीव्ही निर्मात्यांना पत्र लिहून काम मागा, असं हेलन यांनी सुचवलं. टीव्ही तेव्हा नवं माध्यम होतं. अनेक नावाजलेले कलाकार त्याकडे वळत नव्हते. कुशिंग यांनी पत्रं पाठवली आणि कामं येऊ लागली.

डिसेंबर १९५४ मध्ये बीबीसीने जॉर्ज ऑर्वेल यांच्या 'नाइन्टीन एटी-फोर'चं नाट्यरूपांतर थेट प्रक्षेपित केलं. त्यात कुशिंग विन्स्टन स्मिथ होते. छळाची दृश्यं पाहून लोक हादरले, तक्रारी झाल्या, विषय संसदेपर्यंत गेला. चारच दिवसांनी कलाकारांनी तेच नाटक पुन्हा थेट सादर केलं. आज जे रेकॉर्डिंग उपलब्ध आहे ते या दुसऱ्या प्रयोगाचं.

कुशिंग घराघरात पोहोचले आणि हॅमर फिल्म्स या छोट्या कंपनीचंही त्यांच्याकडे लक्ष गेलं.

हॅमर म्हणजे काय?

हॅमर ही ब्रिटनमधली कमी बजेटमध्ये सिनेमे काढणारी कंपनी. थेम्स नदीकाठच्या ब्रे इथल्या एका जुन्या बंगल्यात तिचा स्टुडिओ होता. तेच जिने, त्याच खोल्या थोडा रंग बदलून वेगवेगळ्या सिनेमांत वापरल्या जायच्या.

१९५७ साली हॅमरने 'द कर्स ऑफ फ्रँकेन्स्टाइन' काढला. दिग्दर्शक टेरेन्स फिशर, बॅरन फ्रँकेन्स्टाइन कुशिंग आणि राक्षस ख्रिस्तोफर ली. हॉलिवूडच्या युनिव्हर्सल कंपनीने केलेला राक्षसाचा मेकअप वापरता येणार नव्हता, म्हणून हॅमरने वेगळा चेहरा तयार केला. आणि रक्त दाखवलं लालभडक रंगात! समीक्षकांनी नाकं मुरडली, प्रेक्षकांनी मात्र थिएटरसमोर रांगा लावल्या.

पुढच्याच वर्षी 'ड्रॅक्युला' आला. ली ड्रॅक्युला आणि कुशिंग त्याचा पाठलाग करणारे व्हॅन हेल्सिंग. या दोन सिनेमांनी ब्रिटिश भयपटांची दिशा बदलली. पुढे आपल्याकडे मुंबईत रामसे बंधूंनी जे भयपट काढले, त्यांतल्या हवेल्या, धुकं आणि 'बंद दरवाजा'मधला रक्तपिपासू सैतान पाहिला की हॅमरची आठवण होतेच.

चाहत्यांना नेमकं काय आवडतं?

चाहते पहिली गोष्ट सांगतात ती म्हणजे गांभीर्य. कथा कितीही अचाट असो, कुशिंग ती पूर्ण विश्वासाने करायचे. समोर रबराचा राक्षस असला तरी त्यांच्या डोळ्यांत खरी भीती किंवा खरी उत्सुकता दिसायची. 'हे सगळं खोटं आहे, मला माहीत आहे' असा डोळा त्यांनी प्रेक्षकांना कधी मारला नाही.

दुसरी गोष्ट म्हणजे हात. कुशिंग सीनमध्ये सतत काहीतरी करत असतात. भिंग पुसतात, पाइप पेटवतात, हातमोजे काढतात, कागद चाळतात. वस्तू हाताळण्याच्या या सवयीवरून सहकारी त्यांची थट्टाही करायचे. पण त्यामुळेच त्यांचा शास्त्रज्ञ खरोखर काम करणारा माणूस वाटतो.

'द कर्स ऑफ फ्रँकेन्स्टाइन'मधला एक क्षण चाहते हमखास सांगतात. बॅरन मृतदेहाचं डोकं कापतो आणि रक्ताळलेला हात सहज स्वतःच्या कोटाला पुसतो. त्याला किळस नाही, पश्चात्ताप नाही. आपण काही भयंकर करतोय हे त्याच्या गावीही नाही. एका हालचालीत सगळं पात्र कळतं.

तिसरी गोष्ट म्हणजे अंगातली चपळाई. 'ड्रॅक्युला'च्या शेवटी व्हॅन हेल्सिंग लांबलचक टेबलावरून धावत जातो, झेप घेऊन पडदा खाली ओढतो आणि उन्हाचा झोत ड्रॅक्युलावर पडतो. मग दोन मेणबत्तीदान आडवे-उभे धरून तो क्रॉस करतो. मेणबत्तीदानांची ही कल्पना कुशिंग यांचीच होती. खिशातून पुन्हा एक क्रॉस काढण्यापेक्षा ते जास्त नाट्यमय होईल, असं त्यांना वाटलं.

१९५९च्या 'द ममी'चाही असाच किस्सा आहे. पोस्टरवर ममीच्या शरीरातून आरपार प्रकाशझोत जाताना दाखवला होता. सिनेमात तसं काही नव्हतंच. मग ममीच्या अंगात भाला खुपसण्याचा प्रसंग कुशिंग यांनी सुचवला. म्हणजे पोस्टर खोटं ठरायला नको!

एकच बॅरन, सहा चेहरे

कुशिंग यांनी हॅमरसाठी बॅरन फ्रँकेन्स्टाइन सहा वेळा साकारला. राक्षस दर सिनेमात बदलतो, बॅरन तोच राहतो. या मालिकेतला खरा राक्षस बॅरनच आहे, असं चाहते म्हणतात ते त्यामुळेच.

पण तोही प्रत्येक वेळी सारखा नाही. १९६७च्या 'फ्रँकेन्स्टाइन क्रिएटेड वुमन'मध्ये तो बराचसा सौम्य आहे. १९६९च्या 'फ्रँकेन्स्टाइन मस्ट बी डिस्ट्रॉइड'मध्ये मात्र लोकांना ब्लॅकमेल करणारा, निर्दयी माणूस आहे. १९७४च्या शेवटच्या सिनेमात तो वेड्यांच्या इस्पितळात आहे. हात भाजून निकामी झालेत, तरी प्रयोगाचा नाद सुटलेला नाही.

याच अभिनेत्याने शेरलॉक होम्सही केला. १९५९ साली हॅमरच्या सिनेमात आणि १९६८ साली बीबीसीच्या मालिकेत. १९६०च्या दशकात 'डॉक्टर हू'वरच्या दोन सिनेमांत ते प्रेमळ आजोबा झाले. व्हॅन हेल्सिंगचा चांगुलपणा आणि बॅरनचा थंडपणा दोन्ही तेवढ्याच ताकदीने करणारे कलाकार फार थोडे.

ख्रिस्तोफर लींशी मैत्री

कुशिंग आणि ली यांनी वीसहून जास्त सिनेमे एकत्र केले. पडद्यावर एकमेकांच्या जिवावर उठलेले हे दोघे प्रत्यक्षात जिवलग मित्र होते.

ली एक आठवण नेहमी सांगत. राक्षसाच्या भूमिकेत आपल्याला एकही संवाद नाही, अशी तक्रार त्यांनी केली तेव्हा कुशिंग म्हणाले, तू नशीबवान आहेस, मी स्क्रिप्ट वाचलंय!

दोघांच्या वाढदिवसांत एका दिवसाचंच अंतर. कुशिंग २६ मे, ली २७ मे. भयपटांचा तिसरा मोठा अभिनेता व्हिन्सेंट प्राइस याचाही वाढदिवस २७ मे. त्यामुळे मे महिन्याचे हे दोन दिवस भयपटांच्या चाहत्यांसाठी सणासारखे असतात.

हेलन गेल्यानंतर

१४ जानेवारी १९७१ रोजी हेलन यांचं फुप्फुसाच्या आजाराने निधन झालं. त्या वेळी कुशिंग 'ब्लड फ्रॉम द ममीज टूम'चं शूटिंग करत होते. एका दिवसाच्या कामानंतर त्यांनी सिनेमा सोडला होता.

या धक्क्यातून ते कधीच पूर्ण सावरले नाहीत. दुःख विसरण्यासाठी त्यांनी एकामागून एक कामं घेतली. 'ड्रॅक्युला ए. डी. १९७२'मध्ये ते नायिकेचे वडील असणार होते. पण ते इतके खंगले होते की पात्र बदलून आजोबा करावं लागलं. 'हॉरर एक्सप्रेस'साठी ते स्पेनला गेले तेव्हा काम सोडून परत जायच्या विचारात होते. लींनी जुन्या आठवणी काढून त्यांना बोलतं केलं आणि ते थांबले.

याच काळातला 'टेल्स फ्रॉम द क्रिप्ट' (१९७२) चाहते विशेष मानतात. त्यात कुशिंग एका एकाकी विधुर म्हाताऱ्याच्या भूमिकेत आहेत. शेजारी त्याचा छळ करतात आणि तो मेलेल्या बायकोशी बोलत बसतो. ते दृश्य पाहताना अभिनय कुठे संपतो आणि खरं दुःख कुठे सुरू होतं, हे सांगणं कठीण जातं.

टार्किन आणि सपाता

१९७७च्या पहिल्या 'स्टार वॉर्स'मधला टार्किन राजकन्या लेयाच्या डोळ्यांदेखत तिचा ग्रह नष्ट करतो. लेया झालेल्या कॅरी फिशर यांना मात्र या माणसाचा द्वेष करणं अवघड गेलं. कारण कॅमेरा बंद झाला की कुशिंग अतिशय प्रेमळ असायचे.

गंमत म्हणजे टार्किनचे बूट त्यांना घट्ट होत होते. त्यांनी दिग्दर्शक जॉर्ज लुकास यांना विनंती केली आणि मग बहुतेक दृश्यं कमरेच्या वरून घेण्यात आली. म्हणजे आकाशगंगेला धमकावणारा हा खलनायक पायात सपाता घालून उभा होता!

चाहत्यांनी काय जपलं?

कुशिंग यांचं सगळं काम आज शिल्लक नाही. १९६८च्या शेरलॉक होम्स मालिकेच्या १६ भागांपैकी फक्त ६ उरले आहेत. त्या काळी टेप पुन्हा वापरण्यासाठी जुनी रेकॉर्डिंग पुसली जायची.

'ड्रॅक्युला'तली काही दृश्यंही सेन्सॉरने कापली होती. पण जपानमध्ये दाखवलेल्या प्रतीत जास्त दृश्यं होती, अशी चाहत्यांत वर्षानुवर्षं चर्चा होती. अखेर २०११ साली टोकियोच्या चित्रपट संग्रहात त्या प्रतीची काही रिळं सापडली. त्यातली दृश्यं जोडून सिनेमा नव्याने तयार झाला आणि २०१३ साली ब्लू-रेवर आला. चाहत्यांनी विषय लावून धरला नसता तर ही दृश्यं शोधायला कुणी गेलं असतं का, हा प्रश्नच आहे.

केंट परगण्यातलं समुद्रकाठचं व्हिटस्टेबल हे कुशिंग यांचं गाव. तिथे 'कुशिंग्ज व्ह्यू' नावाची जागा आहे, त्यांच्या नावाचं पबही आहे. हेलन यांच्या नावाची गुलाबाची एक जातही आहे. ती कुशिंग यांचीच इच्छा होती.

१९८९ साली त्यांना ओबीई हा सन्मान मिळाला. १९९४च्या मे महिन्यात त्यांनी लींसोबत हॅमरवरच्या माहितीपटासाठी निवेदन केलं. त्याच वर्षी ११ ऑगस्टला वयाच्या ८१व्या वर्षी कर्करोगाने त्यांचं निधन झालं.

मग कम्प्युटरला काय जमलं नाही?

'रोग वन'मध्ये गालाची हाडं, कपाळ, नजर सगळं जुळवलं होतं. पण मेणबत्तीदान उचलायचं कुशिंग यांना सेटवर सुचलं होतं. कोटाला हात कसा पुसायचा, पाइप कधी पेटवायचा हे ते स्वतः ठरवायचे. चेहऱ्याची नक्कल करता येते, असे निर्णय मात्र त्या माणसासोबतच जातात. जुने सिनेमे बघत राहणाऱ्या चाहत्यांचा मुद्दा एवढाच आहे.

सुरुवात कुठून कराल?

कुशिंग यांचं काम पहिल्यांदाच बघणार असाल तर हे पाच सिनेमे या क्रमाने बघता येतील:

१. ड्रॅक्युला (१९५८): शेवटची दहा मिनिटं चुकवू नका.
२. द कर्स ऑफ फ्रँकेन्स्टाइन (१९५७): त्यांच्या हातांकडे लक्ष ठेवा.
३. द हाउंड ऑफ द बास्करव्हिल्स (१९५९): त्यांचा चपळ, चिडका होम्स.
४. फ्रँकेन्स्टाइन मस्ट बी डिस्ट्रॉइड (१९६९): बॅरनचं सर्वांत क्रूर रूप. काही दृश्यं त्रासदायक आहेत, मुलांसोबत बघू नका.
५. टेल्स फ्रॉम द क्रिप्ट (१९७२): पाच गोष्टींपैकी कुशिंग यांची गोष्ट आधी बघितली तरी चालेल.