गुळवेल समजून दुसरीच वेल तर नाही ना? औषधी वनस्पतीची ओळख आणि तपासणी अशी होते

नागपूर : कोरोनाच्या काळात गावोगावी गुळवेलीचा काढा उकळला जात होता. बांधावरच्या कडुनिंबावर चढलेली वेल तोडायची, कांड्या ठेचायच्या आणि सकाळी कपभर प्यायचं, असं घराघरात चाललं होतं. याच काळात, म्हणजे सप्टेंबर ते डिसेंबर २०२० दरम्यान, मुंबईच्या डॉक्टरांकडे यकृताला (लिव्हर) इजा झालेले सहा रुग्ण आले. ते सगळे गुळवेल घेत होते. डॉक्टरांनी २०२१ मध्ये हे प्रसिद्ध केल्यावर आयुष मंत्रालयाने एक मुद्दा काढला. रुग्णांनी घेतलेली वेल नेमकी कोणती होती, याची खात्री कुणी केली होती का?

पुढे २०२२ मध्ये देशातील अनेक रुग्णालयांनी मिळून ४३ रुग्णांची माहिती मांडली. ज्यांना आधीपासून ऑटोइम्यून प्रकारचा त्रास आहे, म्हणजे शरीराची प्रतिकारशक्ती स्वतःच्याच अवयवांवर उलटते, त्यांनी खऱ्या गुळवेलीबाबतही सावध राहावे, असे त्यातून पुढे आले. म्हणजे प्रश्न दोन आहेत. वेल खरी कोणती, आणि ती शरीरात जाऊन करते काय? या दोन्हींची उत्तरे शोधण्याचे एक शास्त्र आहे.

खरी गुळवेल कशी ओळखायची?

गुळवेलीचे शास्त्रीय नाव टिनोस्पोरा कॉर्डिफोलिया. तिच्यासारखीच दिसणारी दुसरी वेल म्हणजे टिनोस्पोरा क्रिस्पा. आयुष मंत्रालयाने दोघींतला फरक असा सांगितला आहे :

- खोड : गुळवेलीचे हिरवट, त्यावर गाठी नसतात. क्रिस्पाचे करडे, त्यावर बारीक गाठी असतात.
- चीक : गुळवेलीतून दुधाळ चीक येत नाही. क्रिस्पातून येतो.
- फूल : गुळवेलीला सहा पाकळ्या, क्रिस्पाला तीन.
- फळ : गुळवेलीचे लाल आणि गोल. क्रिस्पाचे लांबट, नारिंगी.

पान दोघींचंही पिंपळासारखं, हृदयाच्या आकाराचं. म्हणून नुसतं पान पाहून वेल तोडू नये. मोबाइलवर पानाचा फोटो काढून नाव सांगणारे ॲप असतात, पण त्यांच्या भरवशावर काढा पिणे धोक्याचे आहे.

एक नाव, दोन झाडं

गोंधळ नावातही आहे. 'ब्राह्मी' म्हटलं की महाराष्ट्रात बरेच जण मंडूकपर्णी दाखवतात. तिचे शास्त्रीय नाव सेंटेला एशियाटिका. आयुर्वेदाच्या ग्रंथांवरून तज्ज्ञ जिला ब्राह्मी म्हणतात ती बकोपा मोनिएरी. दोन्ही ओलसर जागी वाढतात, पण एकीत बकोसाइड नावाचे घटक, तर दुसरीत एशियाटिकोसाइड. शंखपुष्पीचंही तसंच. या एका नावाखाली देशात वेगवेगळ्या झाडांचा माल विकला जातो. त्यात आपल्या कुंपणावरची गोकर्णही येते.

म्हणून अभ्यासक गावातलं नाव लिहून घेतात, पण पुढचं काम शास्त्रीय नावावर करतात. नागपूर जिल्ह्यासाठी याची सोय जुनी आहे. एन. आर. उगेमुगे यांचा 'फ्लोरा ऑफ नागपूर डिस्ट्रिक्ट' हा जिल्ह्यातील वनस्पतींची नोंद करणारा ग्रंथ १९८६ मध्ये प्रसिद्ध झाला.

झाड ते प्रयोगशाळा

पहिली पायरी, नमुना. फूल किंवा फळ असलेली फांदी घेतात, वर्तमानपत्राच्या कागदात दाबून वाळवतात आणि जाड कागदावर लावतात. त्यावर गाव, तारीख आणि गोळा करणाऱ्याचे नाव लिहून नंबर देतात. अशा संग्रहाला हर्बेरियम म्हणतात. पुढे कुणाला शंका आली तर तोच नमुना काढून पाहता येतो. विदर्भातील फार्मसीचे अनेक संशोधक आपल्या वनस्पतीची ओळख राष्ट्रसंत तुकडोजी महाराज नागपूर विद्यापीठाच्या वनस्पतिशास्त्र विभागाकडून पटवून घेतात.

दुसरी पायरी, सूक्ष्मदर्शक. बाजारात माल चुरा किंवा पावडर होऊन येतो, तेव्हा पान-फूल दिसत नाही. पण पेशींची रचना, स्टार्चचे कण, स्फटिक दिसतात. भेसळ इथं पकडली जाते.

तिसरी पायरी, रसायनं वेगळी करणे. खडूवर शाईचा ठिपका देऊन त्याचं खालचं टोक पाण्यात ठेवलं तर रंग वर चढताना वेगवेगळे होतात. थिन लेअर क्रोमॅटोग्राफीत तसंच होतं. काचेच्या किंवा ॲल्युमिनियमच्या पट्टीवर सिलिकाचा पातळ थर असतो. त्यावर वनस्पतीच्या अर्काचा ठिपका देतात. घटक वेगवेगळ्या उंचीवर जाऊन थांबतात. शेजारी खात्रीच्या नमुन्याचा ठिपका ठेवला की तुलना करता येते.

इथं एक गोष्ट लक्षात घ्यावी. पाण्यात उकळलेला काढा आणि अल्कोहोलमधला अर्क यात उतरणारे घटक सारखे नसतात. एकावर झालेला अभ्यास दुसऱ्याला जसाच्या तसा लागू होत नाही. शिवाय ऋतू, जमीन आणि झाडाचं वय यानेही घटक कमी-जास्त होतात.

चौथी पायरी, परिणाम. आधी पेशींवर, मग नैतिक समितीच्या परवानगीने प्राण्यांवर आणि शेवटी माणसांवर चाचणी होते. उंदरावर गुण आला म्हणजे माणसाचा आजार बरा झाला, असं होत नाही. 'संशोधनात सिद्ध' असं व्हॉट्सॲपवर आलं, तर संशोधन कोणत्या पायरीचं आहे हे आधी विचारावं.

सर्पगंधेचा धडा

शेवटच्या पायरीपर्यंत पोचलेलं उदाहरण मुंबईचंच आहे. डॉ. रुस्तम जाल वकील यांनी रक्तदाबाच्या ५० रुग्णांना सर्पगंधा देऊन नोंदी ठेवल्या आणि १९४९ मध्ये 'ब्रिटिश हार्ट जर्नल'मध्ये त्या प्रसिद्ध केल्या. परदेशातील डॉक्टरांचं लक्ष या मुळीकडे गेलं. १९५२ मध्ये स्वित्झर्लंडमधील सिबा कंपनीच्या शास्त्रज्ञांनी तिच्यातून रेसर्पिन वेगळं काढलं. रक्तदाबावर ते जगभर वापरलं गेलं. काही रुग्णांना त्यामुळे मनाची उदासी येते, हेही नोंदींतूनच कळलं. डॉ. वकील यांना १९५७ मध्ये लास्कर पुरस्कार मिळाला.

औषध तेच, विषही तेच

पावसाळ्यात झुडपांत लाल-पिवळ्या फुलांची कळलावी दिसते. तिला खड्यानागही म्हणतात. तिच्यात कोल्चिसिन असते. गाऊट या सांध्याच्या आजारात डॉक्टर ते अगदी थोड्या, मोजलेल्या मात्रेत देतात. पण तिचा कंद रताळं किंवा दुसरा कंद समजून खाल्ला तर आधी उलट्या-जुलाब होतात आणि पुढे जीवही जाऊ शकतो. बाळंतपणात कळा याव्यात म्हणून ही मुळी देण्याची जुनी चाल होती. ती जीवघेणी आहे.

पिवळा धोत्राही तसाच. त्याचं बी मोहरीत मिसळलं तर ओळखू येत नाही. अशा भेसळीच्या तेलामुळे १९९८ मध्ये दिल्लीत जलोदरासारख्या सुजेची साथ पसरली आणि माणसं दगावली.

गावात काय करता येईल?

- ओळख पक्की नसलेली वनस्पती पोटात घेऊ नये. फूल-फळासह फांदी जाणकाराला किंवा जवळच्या कॉलेजच्या वनस्पतिशास्त्र विभागाला दाखवावी.
- बीपी, शुगर किंवा रक्त पातळ करणारी गोळी सुरू असेल तर काढ्याची गोष्ट डॉक्टरांपासून लपवू नये. गरोदर बाईने स्वतःच्या मनाने काहीच घेऊ नये.
- काढा सुरू असताना डोळे पिवळे दिसले, लघवी गडद झाली किंवा भूक मेली, तर काढा लगेच थांबवून दवाखाना गाठावा. उरलेली कांडी किंवा पावडर सोबत न्यावी. तपासायला तीच कामी येते.
- विकण्यासाठी गोळा करताना वेल मुळासकट उपटू नये. वरची कांडी कापली तर खालून पुन्हा फुटते.
- गावातल्या वैदू आणि म्हाताऱ्या माणसांना माहीत असलेली नावं व उपयोग ग्रामपंचायतीच्या जैवविविधता व्यवस्थापन समितीच्या लोकजैवविविधता नोंदवहीत उतरवून घ्यावेत. या कामावर देखरेख करणाऱ्या महाराष्ट्र राज्य जैवविविधता मंडळाचे मुख्यालय नागपुरातच आहे.

रामटेक, पारशिवनीच्या जंगलपट्ट्यातल्या आजीला जे झाड लांबूनही ओळखता येतं, ते प्रयोगशाळेत बसलेल्याला पावडरीत शोधावं लागतं. आजीने दाखवलेल्या झाडाची फांदी नंबर लावून हर्बेरियमपर्यंत पोचली, तर ती ओळख तिच्यामागेही टिकते.