कुलूप, भोंगा आणि नवेपणा
(आकाशवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)

आमच्या कुंभार पिंपळगावात एक मेकॅनिक होते. सारे त्यांना मामू म्हणत. गाड्या चोरीला जाऊ लागल्या, तेव्हा त्यांनी एका गिऱ्हाइकाच्या स्कूटरच्या हँडल-लॉकला स्विच जोडला. कुलूपबंद हँडल कुणी हिसकले, की भोंगा ओरडायचा. एकदा मला म्हणाले, "बेटा, तू बी.ए. झालास. याचं पेटंट भेटंल का?"

मला उत्तर येत नव्हते. पुढे मी कायदा वाचला.

1970 च्या पेटंट कायद्याचे तिसरे कलम सांगते, की माहितीतली साधने नुसती एकत्र मांडली आणि प्रत्येक आपले जुनेच काम स्वतंत्रपणे करीत राहिले, तर तो शोध नव्हे. मामूंचे कुलूप तर भोंग्याला जागे करीत होते. म्हणजे ही पायरी ते कदाचित चढले असते.

पुढची पायरी अवघड. मिर्झापूरच्या एका भांडी-उद्योगाला 1951 मध्ये पेटंट मिळाले होते. लेथवर फिरणारे भांडे उडून कारागिराला धोका होई, म्हणून ते घट्ट धरण्याची ही युक्ती होती. 1978 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ते रद्द ठरवले. निव्वळ कारखान्यातली सुधारणा पुरेशी नाही. जाणत्या कारागिरालाही सहज सुचणार नाही, असे काही हवे.

आपल्या वाळूजला कारखाना असलेल्या बजाज ऑटोचा वादही याच वळणाचा. लहान इंजिनात दोन स्पार्क प्लग बसवण्याचे पेटंट बजाजला 2005 मध्ये मिळाले. दोन प्लग जुनेच, असे म्हणत टीव्हीएसने 2007 मध्ये ते रद्द करण्याची मागणी केली. सर्वोच्च न्यायालयाने 16 सप्टेंबर 2009 रोजी टीव्हीएसला हिशेब ठेवून गाड्या विकू दिल्या. नवेपणाचा निवाडा मात्र त्या दिवशी झाला नाही.

मामूंची स्कूटर तर अर्जाआधीच भरबाजारात फिरत होती. जगापुढे आलेली वस्तू कायद्याला सहसा नवी वाटत नाही. मी हे सांगितले तेव्हा ते थोडा वेळ पाना पुसत राहिले. मग विचारले, "म्हंजी कुणीबी लावू शकतं?"

"हो, मामू."

मी कवी माणूस. रदीफ-काफिया कुणा एकाच्या मालकीचे असते, तर मला एक शेरही लिहिता आला नसता. म्हणून कायद्याने मालकी नाकारली, हे मला पटते. पण मालकी वेगळी आणि श्रेय वेगळे. ते देणे आपल्याच हाती असते.