नाव एक, पत्ते दोन : टीएनएसनेम्स फाइलचा थोडा इतिहास

ऑरॅकल डेटाबेसवर काम केलं असेल, तर ओआरए-१२१५४ हा एरर तुम्हाला भेटला असणारच. दिलेल्या नावाचा पत्ता सापडला नाही, एवढंच तो सांगतो. आपण बहुतेक वेळा टीएनएसनेम्स.ओरा फाइल उघडतो, कंस नीट करतो आणि पुढे जातो. पण ही फाइल जुन्या दस्तऐवजासारखी वाचून बघा.

आर्पानेटवर सुरुवातीला प्रत्येक केंद्र इतर संगणकांच्या नावांची यादी स्वतःच ठेवायचं. साहजिकच याद्या जुळेनात. एकच अधिकृत फाइल असावी, असं एल. पीटर डॉइच यांनी डिसेंबर १९७३ मध्ये आरएफसी ६०६ मधून सुचवलं. मग ती फाइल स्टॅनफर्ड रिसर्च इन्स्टिट्यूटमध्ये ठेवली जाऊ लागली आणि बाकीचे तिची प्रत उतरवून घेऊ लागले. नेटवर्क वाढलं तशा प्रती शिळ्या पडू लागल्या. १९८३ मध्ये पॉल मोकापेट्रिस यांनी डीएनएस मांडलं.

म्हणजे प्रश्न सुटला होता ना? तरीही ऑरॅकल ७ च्या काळात एसक्यूएल नेटच्या दुसऱ्या आवृत्तीने प्रत्येक क्लायंटवर नावांची फाइल ठेवली! मला हा मूर्खपणा वाटत नाही. तेव्हा कार्यालयांत टीसीपी होतं, तसंच डेकनेट आणि नोव्हेलचं एसपीएक्सही होतं. शिवाय डीएनएस यंत्राचा पत्ता देतं. त्यावरचा डेटाबेस कोणता, हे सांगत नाही. आज आपण डोळे झाकून ‘प्रोटोकॉल = टीसीपी’ लिहितो, ती त्या काळाची खूण आहे. एसआयडी म्हणजे एका यंत्रावर चालणारं एक इन्स्टन्स. ८आय पासून आलेलं सर्व्हिस नेम म्हणजे अनेक यंत्रांमागची एक सेवा. एकाच फाइलमध्ये दोन्ही दिसले, तर दोन पिढ्या शेजारी बसल्यात असं समजा.

मध्ये ऑरॅकल नेम्स नावाचा मध्यवर्ती सर्व्हर आला आणि १०जी मध्ये गेलाही. त्याच १०जी ने ईझी कनेक्ट आणलं : होस्ट, पोर्ट, सेवा, सगळं एका ओळीत. पहिल्या आवृत्तीतही ‘टी:होस्ट:एसआयडी’ असंच लिहायचे की!

तुमच्या संशोधनाशी याचा संबंध थेट आहे. एरर आला तर निदान कळतं तरी. पण तुमच्या लॅपटॉपवरचं ‘संशोधन’ हे नाव चाचणीच्या डेटाबेसकडे आणि लॅबमधल्या यंत्रावरचं तेच नाव खऱ्या डेटाबेसकडे जात असेल, तर एररच येत नाही. क्वेरी चालते, आकडे येतात, तक्ता प्रबंधात जातो. कोडमध्ये फक्त नाव असतं. पाच वर्षांनी ते कुठे जात होतं, हे कोणालाच सांगता येत नाही. म्हणून कनेक्ट झाल्यावर ग्लोबल_नेम विचारा, उत्तर निकालासोबत नोंदवा आणि त्या दिवशीच्या टीएनएसनेम्सची प्रत कोडशेजारी ठेवा. टीएनएस_ॲडमिन हा एन्व्हायर्नमेंट व्हेरिएबल सेट असेल तर फाइल भलत्याच फोल्डरमधून वाचली जाते, तेव्हा प्रत घेण्याआधी तेवढं तपासा.