भट्टीवाल्याच्या मुलाने पाहिलेला तारा

इसवी सन १००६ मधील एप्रिल महिन्याची अखेर. हिजरी सन ३९६, शाबान महिना तोंडावर आलेला. इजिप्तमधील कैरो शहरात सुमारे अठरा वर्षांच्या एका विद्यार्थ्याला वृश्चिक राशीत पूर्वी कधी न दिसलेला तारा दिसला. विद्यार्थ्याचे नाव अली इब्न रिझवान. बाप गिझा गावी भट्टीवर रोट्या भाजणारा. उस्तादाला द्यायला पैसे नाहीत, म्हणून मुलगा ग्रंथ वाचून स्वतःच शिकला व पोटासाठी लोकांच्या कुंडल्या मांडू लागला. पुढे हाच मुलगा कैरोचा नामांकित हकीम झाला.

टॉलेमीच्या ग्रंथावर भाष्य लिहिताना त्याने त्या ताऱ्याची नोंद केली. आकार शुक्राच्या अडीच ते तीन पट. उजेड चंद्राच्या उजेडाच्या पाव हिश्शाहून थोडा जास्त. स्थान वृश्चिकेच्या पंधराव्या अंशावर. सूर्य व इतर ग्रहांची स्थानेही त्याने दिली. त्यांवरूनच आज ३० एप्रिल १००६ ही तारीख काढता येते. इराकच्या इतिहासकारांनी हा तारा किब्ल्याच्या डाव्या बाजूस दिसल्याचे लिहून ठेवले. चीन, जपान व स्वित्झर्लंडमधील सेंट गॅलनच्या मठातही त्याच्या नोंदी झाल्या.

आता नऊशे वर्षे पुढे येऊ. हवेत विद्युतभार निर्माण करणारे किरण जमिनीतूनच येतात, असा तेव्हाच्या शास्त्रज्ञांचा समज होता. ७ ऑगस्ट १९१२ रोजी ऑस्ट्रियाचे व्हिक्टर हेस बलूनमधून सुमारे ५,३०० मीटर उंच गेले. जमीन दूर जाईल तसा परिणाम कमी व्हायला हवा होता. उलट तो कित्येक पट वाढला. किरण आकाशातून येत होते. या शोधाबद्दल हेस यांना १९३६ साली नोबेल पारितोषिक मिळाले. ‘विश्वकिरण’ असे नाव पडले तरी हे बहुतांशी विद्युतभारित कण आहेत, मुख्यतः प्रोटॉन. त्यांपैकी काहींची ऊर्जा मानवाने बांधलेल्या सर्वांत मोठ्या यंत्रातील कणांच्याही काही कोटी पट असते.

मग या कणांना एवढा वेग देतो कोण? १९३४ साली बाडे आणि झ्विकी यांनी स्फोट पावणाऱ्या ताऱ्यांकडे, म्हणजे सुपरनोव्हाकडे बोट दाखवले. पण वेग कसा मिळतो, हे उरलेच. १९४९ साली एन्रिको फर्मी यांनी वाट दाखवली. अवकाश रिकामे नाही. तेथे विद्युतभारित कणांचा अतिविरळ वायू, म्हणजे प्लाझ्मा, पसरलेला असतो व त्यात चुंबकीय क्षेत्रे असतात. समोरून येणाऱ्या बॅटवर आपटलेला चेंडू अधिक वेगाने परततो, तसा कण फिरत्या चुंबकीय ढगावरून परतताना ऊर्जा मिळवतो. पण ढग पळता असेल तर तोटाही होतो. म्हणून ही कमाई फार सावकाश होते.

१९७७-७८ मध्ये क्रिम्स्की, ॲक्सफर्ड व सहकारी, बेल, तसेच ब्लँडफर्ड व ऑस्ट्रायकर यांनी ही अडचण दूर केली. ताऱ्याच्या स्फोटातून फेकलेला माल सेकंदाला हजारो किलोमीटर वेगाने धावतो आणि त्याच्यापुढे आघात तरंग तयार होतो. तरंगाच्या दोन्ही बाजूंचा प्लाझ्मा एकमेकांकडे सरकत असतो. जणू दोन बॅटवाले चेंडू टोलवीत समोरासमोर चालत येत आहेत. येथे प्रत्येक फेरीत लाभच होतो. लाभ थोडा, पण फेऱ्या पुष्कळ. दर फेरीला काही कण निसटून जातात. शेवटपर्यंत टिकतात ते मोजकेच. म्हणूनच फार ऊर्जेचे कण फार दुर्मिळ असतात.

ही केवळ कागदावरची मांडणी नाही, याची साक्ष कोठे मिळाली? १००६ च्या त्याच ताऱ्यापाशी! त्याचे अवशेष सुमारे ७,००० प्रकाशवर्षे दूर आहेत. जपानच्या आस्का उपग्रहाने त्यांच्या कडांवरून येणारे क्ष-किरण तपासले. प्रकाशाच्या जवळपास वेगाने चुंबकीय क्षेत्रात घिरट्या घालणारे इलेक्ट्रॉनच असे किरण देऊ शकतात, हे १९९५ साली जाहीर झाले. प्रोटॉनविषयीचा पुरावा २०१३ साली अशाच दुसऱ्या दोन अवशेषांतून मिळाला. सर्वांत प्रचंड ऊर्जेच्या कणांचे उगमस्थान मात्र अजून निश्चित झालेले नाही. विद्यार्थी मित्रांनो, ते काम शिल्लक आहे.

आपल्या सभांतून पूर्वजांची थोरवी पुष्कळ गायिली जाते. इब्न रिझवानला प्लाझ्मा ठाऊक नव्हता, आणि त्याला सर्व ठाऊक होते असे म्हणणे खोटेपणाचे होईल. त्या ताऱ्याचा संबंध त्याने लढाया व दुष्काळाशी जोडला. तो चुकीचाच होता. हजार वर्षे टिकले ते त्याचे भाकीत नव्हे, त्याची मोजमापे. जे दिसले ते त्याने अंशासहित, न वाढवता, न घटवता लिहिले. या हकीमाचा वारसा सांगायचा तर तो एवढाच आहे, आणि तो नुसत्या अभिमानाने मिळत नाही.

पालक बंधु-भगिनींनो, फी परवडत नाही म्हणून मुलाला दुकानात बसवावे किंवा मुलीची शाळा थांबवावी, असा विचार मनात आला तर त्या भट्टीवाल्याच्या घराची आठवण ठेवा. त्याच्याकडेही फी नव्हती. पण मुलाच्या हातातील पुस्तक सुटले नाही.